गेलेल्या वाचेचा शोध

दिवाळी हा जितका दिव्यांचा तितकाच बोलण्याचा सण. चकलीचा पहिला घाणा जमला की फसला, यावर घरात दोन तट पडतात. भाऊबीजेला आलेल्या बहिणीचे जेवण आटोपते, पण बोलणे आटोपत नाही. अशा भरल्या घरात एखादी खुर्ची मात्र निराळी असते. तिच्यावर बसलेले आजोबा सारे ऐकत असतात, विनोदाला हसत असतात, मधूनच काही सांगण्यासाठी तोंडही उघडतात. पण शब्द येत नाही, आणि आला तर भलताच येतो. मंडळी क्षणभर थबकतात, एकमेकांकडे पाहतात, आणि मग कुणीतरी फराळाची बशी पुढे सरकवून विषय बदलतो. आजोबांनी काय सांगायचे योजले होते ते कोणालाच कळत नाही.

अर्धांगाच्या झटक्याबरोबर पुष्कळदा वाचाही जाते, हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. शास्त्रकारांनी या अवस्थेला वाचाघात असे नाव दिले आहे. मेंदूतील रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली की झटका येतो. ज्यांना तो येतो त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना निदान सुरुवातीला तरी वाचाघात होतो. यात कान शाबूत असतात, तेव्हा याला बहिरेपण म्हणता येत नाही. जीभ लुळी पडून बोलणे बोबडे होते तो प्रकार निराळा. आणि वेडाशी तर याचा काडीचाही संबंध नाही. मनात विचार असतो. त्याला साजेसा शब्द काढून देणारा जो कोठीवाला मेंदूत बसलेला असतो, त्याच्या किल्ल्या हरवलेल्या असतात. बोलण्याबरोबर वाचणे, लिहिणे आणि दुसऱ्याचे बोलणे उमगणे यांनाही बहुधा कमीअधिक धक्का बसतो.

या व्याधीचा इतिहास मी गेली काही वर्षे जमेल तसा वाचीत आलो आहे. त्यामागचे घरगुती कारण पुढे सांगेनच. वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की, या इतिहासात दोन शोध शेजारी शेजारी चालले आहेत. वाचा डोक्यात नेमकी कोठे राहते, हा एक. तो विद्वानांनी केला आणि त्याची कीर्तीही फार झाली. वाचा गेलेल्या माणसाशी बोलावे कसे, हा दुसरा. तो फार सावकाश चालला आणि त्यात डॉक्टरांच्या बरोबरीने बायका, मुले आणि शेजारीपाजारी यांचा वाटा आहे. आज मला सांगायची आहे ती मुख्यतः या दुसऱ्या शोधाची हकीकत. परंतु पहिल्यावाचून ती समजायची नाही.

*

आरंभ लंडनमधल्या एका घरापासून करू. १७८३ सालच्या जून महिन्यातली १७ तारीख. पहाटे तीनच्या सुमारास डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांना जाग आली ती डोक्यात काही गोंधळ उडाल्यासारखे वाटून. इंग्रजी भाषेचा महाकोश १७५५ साली सिद्ध करणारा हा गृहस्थ तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होता. आपल्याला झटका आला हे त्यांनी ओळखले. बुद्धी ठिकाणावर आहे की नाही हे पाहावे म्हणून त्यांनी तिथल्या तिथे मनातल्या मनात लॅटिन भाषेत पद्यमय प्रार्थना रचली. पद्य काही विशेष साधले नाही. पण ते साधले नाही एवढे आपल्याला कळते, त्या अर्थी बुद्धी शाबूत आहे, असा त्यांनी निर्वाळा दिला! मग बोलायला गेले तो वाचा बंद. सकाळी नोकर बोलत बोलत खोलीत आला. धन्याने तोंडाने काही न सांगता हाती चिठ्ठी का द्यावी, हे त्या बिचाऱ्याला प्रथम उमगेना. चिठ्ठी लिहितानाही हात मधूनच भलतीच अक्षरे काढू लागला होता. दोन दिवसांनी जॉन्सननी आपल्या एका स्नेही बाईंना पत्र लिहून हे सर्व कळवले, म्हणून ते आज आपल्याला ठाऊक आहे. त्यांचे दैव असे की वाचा थोड्याच दिवसांत बरीचशी परत आली. ज्याने हजारो शब्दांचे अर्थ लावले त्याच्याच कोठाराला एके रात्री कुलूप पडावे, आणि आत माणूस मात्र लखलखीत जागा असावा, याहून या व्याधीचे बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

याच्याही आधी, १७४५ साली, ओलोफ डालीन नावाच्या स्वीडिश लेखकाने एका मनुष्याची हकीकत नोंदून ठेवली होती. त्याचे उजवे अंग गेले होते आणि 'होय' यापलीकडे त्याला बोलता येत नसे. पण पूर्वी पाठ असलेली भजने कोणी सुरू करून दिली की तो ती इतरांबरोबर शब्दांसकट गात असे. आपल्याकडेही असे पाहिलेले लोक आहेत. पाणी मागता येत नाही, पण आरती सुरू झाली की ओठ हलू लागतात आणि कडवे पूर्ण होते. घरच्यांना मग वाटते, वाचा आली! आरती संपते आणि वाचा पुन्हा जाते. हे ढोंग नव्हे आणि चमत्कारही नव्हे. हुलिंग्ज जॅक्सन या इंग्रज वैद्याने एकोणिसाव्या शतकात याचा उलगडा केला. घोकून रुळलेले बोलणे वेगळे आणि या क्षणी नव्याने जुळवलेले बोलणे वेगळे. पाढे, वारांची नावे, स्तोत्रे आणि रागाच्या भरात निघणाऱ्या शिव्यासुद्धा पहिल्या जातीतल्या. 'मला पाणी दे' हे साधे वाक्य दुसऱ्या जातीतले. पहिली जात पुष्कळदा वाचते, दुसरी बुडते.

*

आता पॅरिसकडे वळू. शहराबाहेर बिसेत्र नावाचे मोठे रुग्णालय होते. तेथे लबोर्न नावाचा एक रोगी एकवीस वर्षे पडून होता. वयाच्या तिशीच्या सुमारास त्याची वाचा गेली होती. काहीही विचारा, उत्तर एकच: 'तां, तां'. त्यामुळे सारे रुग्णालय त्याला 'तां' याच नावाने ओळखी. १८६१ सालच्या एप्रिलमध्ये त्याचा पाय सडू लागला म्हणून त्याला शल्यवैद्य पॉल ब्रोका यांच्याकडे आणले. ब्रोकाने विचारले, येथे येऊन किती वर्षे झाली? लबोर्नने डाव्या हाताची पाच बोटे चार वेळा उघडली आणि वर एक बोट दाखवले. एकवीस! दुसऱ्या दिवशी ब्रोकाने तेच विचारले, उत्तर तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारल्यावर, आपली परीक्षा चालली आहे हे रोग्याने ताडले आणि संतापाने एक सणसणीत शिवी हासडली. एवढी एकच त्याला साधत असे.

१७ एप्रिलला लबोर्न वारला. ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूस पुढच्या भागात एके ठिकाणी तो नासलेला आढळला. त्याच वर्षी लेलाँ नावाचा चौऱ्याऐंशी वर्षांचा दुसरा रोगी आला. त्याच्यापाशी अवघे पाच शब्द उरले होते. आकडा कोणताही असो, तोंडून 'तीन' याच अर्थाचा मोडका शब्द निघे आणि बोटे मात्र खरा आकडा दाखवीत. त्याच्याही मेंदूत जवळजवळ तीच जागा बिघडलेली निघाली. पुढे १८६५ साली ब्रोकाने जाहीर केले की, आपण बोलतो ते मेंदूच्या डाव्या अर्ध्याने. १८७४ साली कार्ल वेर्निके या अवघ्या सव्वीस वर्षांच्या जर्मन डॉक्टराने दुसरी बाजू दाखवली. डाव्याच अर्ध्यात थोडी मागची जागा बिघडली, तर रोगी घडाघडा बोलतो, पण त्या बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला नीट समजत नाही.

लबोर्नचा मेंदू ब्रोकाने न कापता तसाच स्पिरिटमध्ये ठेवला आणि तो पॅरिसच्या संग्रहालयात गेला. २००७ साली आधुनिक यंत्रावर त्याचे चित्रण झाले, तेव्हा जखम ब्रोकाला दिसली होती त्याहून पुष्कळ खोल गेली होती, असे आढळले. मेंदूवर इतका खल झाला. पण तो मेंदू ज्याचा, तो माणूस कोण, हे दीडशे वर्षे कोणी शोधले नव्हते. २०१३ साली चेझारी डोमान्स्की या पोलिश संशोधकाने जुनी दप्तरे चाळून ते काढले. लुई व्हिक्तॉर लबोर्न, जन्म १८०९, गाव मोरे. धंदा बूट शिवणाऱ्यांना लागणारे लाकडी साचे करण्याचा. लहानपणापासून फेफऱ्याचा विकार. त्याच्या गावी कातडी कमावण्याच्या सालीच्या गिरण्या होत्या आणि त्या सालीला फ्रेंचमध्ये 'तां' असेच म्हणतात. तेव्हा त्याच्या ओठांवर उरला तो शब्द कदाचित गावच्या आठवणीतला असावा, असा डोमान्स्कीचा तर्क आहे. तो तर्कच, पण शास्त्राच्या पुस्तकात नुसती दोन अक्षरे होऊन बसलेल्या जीवाला त्यामुळे नाव, गाव आणि धंदा परत मिळाला.

ब्रोकाची कीर्ती झाली ती 'जागे'साठी. परंतु १८६५ च्या त्याच निबंधात त्याने आणखी एक गोष्ट लिहिली होती, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मूल जसे बोलायला शिकते तसे या रोग्यांना पुन्हा का शिकवू नये, असा त्याचा प्रश्न होता. आई ज्या न थकणाऱ्या चिकाटीने मुलाला बोलके करते त्या चिकाटीने कोणी यांच्यामागे लागले, तर पुष्कळ साधेल, अशी त्याची खात्री होती. माझ्या मते ब्रोकाच्या दोन शोधांपैकी घरच्या माणसांना उपयोगी पडणारा शोध हाच.

*

ही चिकाटी मोठ्या प्रमाणावर प्रथम दाखवावी लागली ती युद्धामुळे. पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेले हजारो तरुण सैनिक जगून घरी परतले. अर्धांगाचे रोगी बहुधा वयस्क. त्यांचे आता काय व्हायचे, म्हणून जग गप्प बसे. पंचविशीतल्या पोराविषयी असे म्हणता येईना. फ्रँकफुर्टला कुर्ट गोल्डश्टाइन यांनी मेंदूला इजा झालेल्या सैनिकांसाठी संस्था उभारली. तीत उपचार, शाळा आणि कामाची शिकवण एकत्र चाले. दुसऱ्या महायुद्धात रशियात उरल पर्वताच्या प्रदेशातील एका रुग्णालयात अलेक्झांडर लूरिया यांनी हेच काम अधिक पद्धतशीरपणे केले.

लूरियांचा झासेत्स्की नावाचा एक रोगी होता. १९४३ साली स्मोलेन्स्कच्या आघाडीवर त्याच्या डोक्यात गोळी गेली. वाचणे गेले, लिहिणे गेले, शब्द हाताशी येईनात. एकेक अक्षर आठवून लिहिणे त्याला जमेना. एके दिवशी डॉक्टर म्हणाले, विचार करू नकोस, हात न उचलता सबंध शब्द एकदम लिही. आणि त्याने लिहिला! मनाला न आठवणारी अक्षरे हाताला आठवत होती. त्यानंतर पंचवीस वर्षे हा मनुष्य रोज थोडे थोडे लिहीत राहिला आणि त्याने आपल्या दशेची तीन हजारांवर पाने भरली. लिहिलेले त्याला स्वतःला धड वाचता येत नसे. बंद झालेल्या दारावर डोके न आपटता घराला दुसरे दार आहे का ते शोधायचे, हे लूरियांच्या उपचाराचे सार. सुराचे दार तसेच. १९७३ साली बोस्टनच्या उपचारकांनी, डालीनच्या त्या गाणाऱ्या रोग्याची आठवण व्हावी अशी, सुरावर आणि हाताच्या ठेक्यावर छोटी छोटी वाक्ये बसवून म्हणून घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती सर्वांना लागू पडत नाही. पण काहींच्या बाबतीत बंद कवाड तिने किलकिले होते.

यानंतरची गोष्ट एका घराची आहे. पॅट्रिशिया नील ही अमेरिकेची नामांकित नटी. १७ फेब्रुवारी १९६५ रोजी, एकोणचाळिसाव्या वर्षी आणि पोटात मूल असताना, तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. ती वाचली, पण उजवे अंग आणि वाचा गेली. तिचे पती, मुलांच्या गोष्टींसाठी प्रसिद्ध असलेले लेखक रोआल्ड डाल, यांनी तिला इंग्लंडमधल्या आपल्या गावी, ग्रेट मिसेंडेनला आणले. उपचारासाठी आठवड्यातून थोडाच वेळ मिळणार. बाकीचा दिवस ती भिंतीकडे पाहत बसणार, हे त्यांना पटेना. त्यांनी शेजाऱ्यांची पाळी लावली. एक जण तासभर येऊन वाचून घेई, दुसरी कोडी घाली, तिसरा नुसता गप्पा मारी. असे दिवसाचे सुमारे सहा तास. ऑगस्टमध्ये तिला मुलगी झाली आणि १९६८ साली तिचा नवा चित्रपट आला, त्याबद्दल ऑस्करसाठी तिची शिफारसही झाली. या सक्तीचा तिला भयंकर रागही येत असे; आपल्या आत्मचरित्रात तिने तो लपवलेला नाही. शेजारणींपैकी व्हॅलरी ईटन ग्रिफिथ या बाईंनी तिच्यावर घेतलेल्या मेहनतीतून १९७० साली एक पुस्तक लिहिले आणि १९७३ साली त्यांच्याच पुढाकाराने इंग्लंडमध्ये झटका आलेल्यांच्या घरी बोलायला जाणाऱ्या स्वयंसेवकांची योजना सुरू झाली. गावच्या शेजारधर्माला असे शास्त्राच्या शेजारी पाट मिळाला.

*

आता ते घरगुती कारण. साताऱ्याच्या माझ्या मावशीचे यजमान मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. १९८२ साली, निवृत्त होऊन दोनच वर्षे झाली असता, त्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि तोंडात दोनच शब्द उरले: 'बरोबर आहे.' आयुष्यभर दुसऱ्यांची कागदपत्रे तपासून जो शेरा मारला, तोच तेवढा शिल्लक राहिला म्हणा. चहा हवा असला तरी 'बरोबर आहे', नको असला तरी 'बरोबर आहे', आणि मुलाने जमिनीच्या व्यवहाराविषयी काही चुकीचे सांगितले की संतापाने लालबुंद होऊन तेच, 'बरोबर आहे!' समाचाराला येणारी माणसे त्यांच्याशी मोठमोठ्याने बोलत, किंवा त्यांच्यादेखत मावशीला विचारीत, "यांना समजतं का हो काही?" काका मान फिरवीत.

आता एवढेच, याहून सुधारणा नाही, असे सांगून त्यांना घरी पाठवण्यात आले होते. वाचोपचार हा शब्द मावशीने ऐकलेला नव्हता. पण ती हळूहळू सूर ओळखू लागली. वर चढत गेलेले 'बरोबर आहे' म्हणजे प्रश्न. तुटक असले तर नकार. लांबवलेले असले की समजावे, नातवाची आठवण झाली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिने तांब्या, पंखा, पानाचा डबा, चष्मा अशी चित्रे काढून ठेवली. काका डाव्या हाताचे बोट ठेवीत. संध्याकाळी ती रामरक्षा म्हणायला बसली की काका शेवटपर्यंत तिच्याबरोबर म्हणत. तिच्या डोळ्यांना त्या वेळी पाणी येई; पण त्यानंतर ती लगेच एखादे चित्र पुढे करी आणि म्हणे, "अहो, आता हे सांगा बघू." दीड वर्षाने 'पाणी' आले. मग 'शरू' आले. ते मावशीचे नाव. त्या दिवशी तिने शेजारीपाजारी पेढे वाटले.

या दीड वर्षात मावशीचे काय झाले? तिचे भजनी मंडळ सुटले, झोप गेली, गुडघे धरले. जो येई तो काकांची चौकशी करून जाई. एकदा ती मला म्हणाली, "अरे, ह्यांची वाचा गेली हे सगळ्यांना दिसतं. माझ्याशी घरात बोलायला कोणी उरलं नाही, हे कुणाला दिसत नाही." शेवटी शेजारच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी दर गुरुवारी दोन तास काकांजवळ बसायचे कबूल केले आणि मावशीला भजनाला पिटाळले. त्या दोन तासांनी मावशी सावरली, आणि ती सावरली म्हणून काका सावरले, असे माझे ठाम मत आहे.

*

पुढे वाचनात आले की, मावशीच्या या युक्त्यांना दूर कॅनडात शास्त्राचे रूप येत होते. टोरांटोच्या पॅट अराटो या बाईंचे पती झटक्याने वाचा गमावून बसले होते. दवाखान्याचे उपचार संपल्यावर पुढे जायला जागा नाही, म्हणून त्यांनी १९७९ साली स्वतःच अशा लोकांसाठी केंद्र काढले. तेथे ऑरा केगन यांनी जी पद्धत बसवली तिचा पाया एका वाक्यात सांगता येईल: समोरच्या माणसाला कळते, हे आधी आपण मान्य करावे आणि त्याला तसे बोलूनही दाखवावे. मग कागद, चित्रे, खाणाखुणा, हो-नाहीचे प्रश्न, जे हाताशी असेल त्याने त्याच्या मनातले बाहेर यायला वाट करून द्यावी. २००१ साली त्यांनी या पद्धतीची कसोटी प्रसिद्ध केली. वीस स्वयंसेवकांना शिकवले, वीसांना शिकवले नाही, आणि त्यांना वाचाघात झालेल्या चाळीस लोकांशी बोलायला बसवले. रोग्यांना काहीही शिकवले नव्हते. तरी शिकलेल्या स्वयंसेवकांशी बोलताना त्यांचे संभाषण सुधारले. बोलणे हे दोघांचे काम आहे. एकाचा शब्द अडला तर दुसऱ्याने वाट रुंद करायची असते.

वर्ष उलटले, आता काय होणार, असे म्हणणाऱ्यांनाही उत्तर मिळाले आहे. २०१७ साली जर्मनीतील एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ वाचाघात असलेल्या १५६ लोकांना तिच्यात घेतले होते. तीन आठवडे, आठवड्याला निदान दहा तास वाचोपचार मिळालेल्यांचे रोजच्या व्यवहारातले बोलणे सुधारले. नुसती वाट पाहत बसलेल्यांचे सुधारले नाही. त्याआधी २०१६ साली जगभरच्या ५७ चाचण्या आणि त्यांतील ३००२ रोगी यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही वाचोपचाराचा गुण येतो असेच दिसले. सर्वांची वाचा परत येते असा याचा अर्थ नाही. पण 'आता एवढेच' असे पहिल्याच महिन्यात म्हणण्याचा हक्क कोणाला उरलेला नाही.

आपल्या देशात या विद्येची संस्था म्हैसूरला १९६५ साली निघाली आणि मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ साली. मोठ्या शहरांतील अनेक रुग्णालयांत वाचोपचारक भेटतात; तालुक्याच्या गावी अजून वाट पाहावी लागते. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात वाचा आणि भाषा यांच्या अपंगत्वाची व्याख्या करताना वाचाघाताचा नाव घेऊन उल्लेख केलेला आहे, हेही घरच्यांनी लक्षात ठेवावे.

आपल्याकडे आणखी एक गुंता असतो तो अनेक भाषांचा. एखादा मुंबईकर घरी मालवणी, शाळेत मराठी, गाडीत हिंदी आणि कचेरीत इंग्रजी बोललेला असतो. झटक्यानंतर यांपैकी कोणती भाषा आधी परतेल? रिबो या फ्रेंच पंडिताचे मत, लहानपणी पहिली शिकलेली. १८९५ साली पीत्र यांनी मांडले, रोजच्या सर्वाधिक वापरातली. पुढच्या अनुभवाने दिसले की दोन्ही नियम सर्वांना लागू पडत नाहीत. कधी सगळ्या भाषा बरोबरच सुधारतात, कधी एखादीच पुढे येते. तेव्हा आजोबा मधूनच इंग्रजीत बोलले तर हसू नये. जी भाषा येईल ती येऊ द्यावी.

आपल्याकडे म्हण आहे की बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत. वाचाघात झालेल्या माणसाच्या कोठीत गहू भरलेले असतात. ते मागून घ्यायला आपण शिकले पाहिजे. त्याला अवघड असे काही नाही. रेडिओ-टीव्ही बंद करावा. समोर बसून, ओरडल्याविना, नेहमीच्या माणसाशी बोलतो तसे पण लहान वाक्यांत बोलावे. एका वेळी एकच गोष्ट विचारावी आणि उत्तरासाठी मनात दहा आकडे मोजावेत. त्याच्या तोंडचा शब्द हिसकावून घेऊ नये. समजले नाही तर समजल्याचे सोंग करू नये. पोरांनाही हे सांगावे. ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. आणि कोणाचे तोंड अचानक वाकडे झाले, हात खाली पडला, शब्द अडखळले, तर घरगुती उपायांत घटका न दवडता त्याला मोठ्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मुदत साडेचार तासांचीच असते, आणि लवकर पोचावे तितके बरे.

राहता राहिली ती खुर्चीमागे उभी असलेली व्यक्ती: पत्नी, सून, मुलगा, कोणीही. ब्रोकाने आईच्या चिकाटीचा दाखला दिला तेव्हा त्या आईला विसावा कोण देणार, हे लिहिले नव्हते. ग्रेट मिसेंडेनच्या शेजाऱ्यांनी आणि साताऱ्याच्या शिक्षिकाबाईंनी त्याचे उत्तर आपल्यापरीने दिले. यंदा फराळाला कुणाकडे गेलात आणि तेथे अशी खुर्ची दिसली, तर तिच्याजवळ पाट ओढून बसा. तासभर गेला तरी हरकत नाही. आणि स्वयंपाकघरातून जी कोणी बाहेर येईल तिला सांगा, "तुम्ही जरा फिरून या, आम्ही दोघं बोलत बसतो."